बोटीवर गेलेले पूर्वज आणि जहाजावरची आजारनोंद

"आमचे पणजोबा बोटीवर होते" हे वाक्य कोकण किनाऱ्यावरच्या गावांत घरोघरी ऐकायला मिळते. बाणकोट-हर्णैपासून दाभोळ, जयगड, राजापूर, देवगड, मालवणपर्यंतच्या असंख्य घरांतली माणसे मुंबईला गेली आणि तिथून आगबोटींवर खलाशी, सुखाणी (सुकाणू धरणारा), टिंडल (सारंगाचा मदतनीस), सारंग (खलाशांचा मुकादम) किंवा भंडारी (स्वयंपाकी) म्हणून चढली. पण बोट कोणती, साल कोणते आणि जो परत आला नाही तो नेमका कुठे व कशाने गेला, असे विचारले की वडीलधाऱ्यांचे उत्तर एका वाक्यात संपते. आमच्या घरात ते वाक्य "तांबड्या समुद्रात ऊन लागून गेले" असे होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांची नोकरीची पुस्तिका होती. तिच्यात प्रत्येक सफरीपुढे वर्तन आणि कसब यांचे "व्ही. जी." म्हणजे "फार चांगले" असे शिक्के होते, आणि शेवटच्या ओळीत जहाजावर चढल्याची तारीख होती, उतरल्याची जागा कोरी होती. ती कोरी जागा भरून काढण्यासाठी मी जहाजांवरच्या वैद्यकीय नोंदींच्या मागे लागलो. त्या नोंदी कशा असतात, कुठे असतात आणि कशा वाचायच्या, हे या लेखात सांगायचे आहे, कारण आपल्याकडे वंशावळ शोधणारे बहुतेक जण सातबारा, फेरफार आणि शाळेचा दाखला यांपुढे जात नाहीत आणि समुद्रावर गेलेली शाखा तिथेच तुटते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. "जहाजाची वैद्यकीय नोंद" या नावाचा एकच दप्तर-प्रकार नाही. जहाज कोणाचे होते, त्यावर डॉक्टर होता की नाही आणि आपला माणूस त्यावर नोकर, प्रवासी, मजूर, सैनिक की यात्रेकरू होता, यावर ती नोंद कोणत्या कागदात उतरली हे ठरते. म्हणून शोध माणसाच्या नावाने सुरू करून चालत नाही. तो जहाजाच्या नावाने आणि सफरीच्या तारखेने सुरू करावा लागतो. हा नियम न कळल्यामुळे माझे पहिले कित्येक महिने वाया गेले.

यातला सर्वांत सविस्तर कागद म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सर्जनची वही. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात "एडीएम १०१" या क्रमांकाखाली अशा वह्या जपलेल्या आहेत आणि त्यांची सुरुवात १७८५ च्या सुमारास होते. सर्व वह्या टिकलेल्या नाहीत. जपलेला भाग निवडक आहे. वहीत ठरावीक रकाने असत: रुग्णाचे नाव, वय, हुद्दा, आजार कधी व कुठे सुरू झाला, आजाराचे नाव, लक्षणे, रोजचे उपचार आणि शेवटी तो बरा होऊन कामावर गेला, इस्पितळात पाठवला गेला की वारला. वहीच्या अखेरीस आजारांची एकत्रित गोळाबेरीज आणि सर्जनचे सर्वसाधारण शेरे असत, ज्यात हवामान, पाणी, अन्न, माणसांची राहण्याची जागा यांबद्दल तो मोकळेपणाने लिहीत असे. माझ्या मते अनेकदा हे शेरेच वहीचा सर्वांत मोलाचा भाग असतात, कारण आपल्या माणसाचे नाव त्या वहीत नसले, तरी तो ज्या जहाजावर राहिला तिथली हवा, पाणी आणि जेवण कसे होते हे त्यांतून समजते. नौदलाच्या जहाजांबरोबरच कैदी आणि स्थलांतरित नेणाऱ्या काही जहाजांच्या वह्याही याच संग्रहात आहेत, आणि अनेक वह्यांतील रुग्णांची नावे अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत शोधता येतात.

ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची दैनंदिनी वेगळ्या ठिकाणी आहे. ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात ठेवलेली आहे. परतीच्या सफरीत कंपनीच्या जहाजांवर गोरे खलाशी कमी पडत, कारण कोणी तापाने मरत, कोणी पळून जात, कोणाला नौदल उचलून नेई. त्यांची जागा मुंबई, सुरत आणि कोलकात्यात भरती केलेले देशी खलाशी घेत. इंग्रजी कागदांत या सर्वांना "लस्कर" असे म्हटलेले आढळेल. मात्र या काळातल्या कागदांत लस्करांची नावे क्वचितच सुटी मिळतात. पुष्कळदा सारंगाचे नाव आणि पुढे माणसांची संख्या एवढेच असते, कारण भरती सारंगामार्फत होत असे आणि कप्तानाचा व्यवहार सारंगाशी असे.

कोकणातल्या बहुतेक घरांचा संबंध मात्र याच्या नंतरच्या काळाशी, म्हणजे वाफेच्या जहाजांशी येतो, आणि तिथे सर्वांत उपयोगी पडतो तो कागद वैद्यकीय म्हणून ओळखलाच जात नाही. त्याला "ऑफिशियल लॉग" म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश व्यापारी जहाजाच्या कप्तानावर असा लॉग ठेवण्याची कायद्याने सक्ती झाली. वाऱ्याची दिशा आणि जहाजाचा वेग लिहिण्याची वही वेगळी. या लॉगमध्ये शिस्तभंग, दंड, आजार, जखमा, जन्म आणि मृत्यू यांची नोंद करावी लागे. आजारी माणसाला कोणता आजार झाला आणि त्यावर काय उपचार केले हेही लिहावे लागे. आता, १०० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या परदेशगामी जहाजावर कायद्याने पात्र डॉक्टर असणे बंधनकारक होते, पण मालवाहू आगबोटीवर तेवढी माणसे नसत. तिथे औषधांची पेटी आणि उपचार सांगणारी मार्गदर्शिका हाताशी ठेवून कप्तान किंवा त्याचा अधिकारीच डॉक्टरचे काम करी. त्यामुळे लॉगमधले आजाराचे नाव हे निदान नसून बव्हंशी अंदाज असतो, हे मनाशी पक्के धरूनच ती नोंद वाचली पाहिजे.

हे लॉग सगळे टिकलेले नाहीत आणि जे टिकले त्यांच्या टिकण्यामागचे कारण वंशशोधकाने समजून घेण्यासारखे आहे. १९०२ ते १९१९ या काळातले लॉग क्यू येथे "बीटी १६५" या क्रमांकाखाली आहेत. त्यांतले महायुद्धापूर्वीचे लॉग निवडून ठेवले गेले आणि ज्यांत जन्म किंवा मृत्यूची नोंद होती तेच वाचले. महायुद्धाच्या काळातले लॉग मात्र सरसकट जपले गेले. म्हणजे युद्धापूर्वीच्या ज्या सफरीत कोणी जन्मले किंवा मेले नाही तिचा कागद नष्ट झाला आणि ज्या सफरीत आपला माणूस गेला तिचा कागद मिळण्याची शक्यता अधिक आहे. याशिवाय समुद्रावरील मृत्यूंची स्वतंत्र रजिस्टरे आहेत. १८९१ पासूनची "बीटी ३३४" या क्रमांकाखाली आहेत आणि त्यांत नाव, वय, हुद्दा, मृत्यूचे ठिकाण व कारण असे तपशील मिळतात. माझा सल्ला असा की आधी या रजिस्टरात जहाजाचे नाव व तारीख निश्चित करावी आणि मगच लॉगची प्रत मागवावी, कारण लॉग जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावलेले असतात.

जहाजावर कोण कोण होते याची यादी, म्हणजे क्रू लिस्ट, ही तिसरी जोडवस्तू आहे. १९१५ सालच्या याद्या पूर्णपणे डिजिटल झाल्या असून त्या विनामूल्य पाहता येतात. त्यांत ३९,००० हून अधिक याद्या आणि सुमारे साडेसात लाख नावे आहेत. परंतु आपल्या लोकांनी तिथे नाव न मिळाल्यास निराश होऊ नये. देशी खलाशांचे करार वेगळ्या कागदावर, "एशियाटिक आर्टिकल्स" म्हणून, मुंबई किंवा कोलकात्याच्या शिपिंग मास्तरसमोर, म्हणजे खलाशांच्या भरतीवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, होत आणि त्यांतले पुष्कळ कागद इंग्लंडला पोहोचलेच नाहीत. त्या वर्षाव्यतिरिक्तच्या याद्यांचा फार मोठा भाग कॅनडात, न्यूफाउंडलँडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात आहे, हे ऐकून मला प्रथम आश्चर्य वाटले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खलाशाचा माग काढताना अटलांटिकच्या पलीकडे पत्र लिहावे लागते.

आपला माणूस सफरीत आजारी पडला आणि त्याला लंडनमध्ये उतरवले, असे झाले असेल तर आणखी एक दार उघडते. ग्रीनविच येथे खलाशांसाठी १८२१ मध्ये "ग्रॅम्पस" नावाच्या जुन्या युद्धनौकेवर इस्पितळ सुरू झाले, १८३१ मध्ये ते "ड्रेडनॉट" या मोठ्या जहाजावर गेले आणि १८७० मध्ये जमिनीवर आले; नाव मात्र ड्रेडनॉटच राहिले. कोणत्याही देशाच्या खलाशाला तिथे प्रवेश असे. १८२६ ते १९३० या काळातली तिथली दाखल-रजिस्टरे उपलब्ध असून रुग्णाचे नाव, वय, जन्मस्थान, जहाज, आजार आणि दाखल-सुटकेच्या तारखा त्यांत आहेत. लंडनच्या हिवाळ्यात उष्ण प्रदेशातल्या खलाशाला न्यूमोनिया होणे ही नित्याची गोष्ट होती, म्हणून नोव्हेंबर ते मार्चमधल्या नोंदी विशेष बारकाईने पाहाव्यात.

खलाशीपण सोडून मजुरीसाठी समुद्र ओलांडलेल्या कोकणी माणसांची कथा मॉरिशसकडे नेते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी "ॲटलस" हे जहाज कोलकात्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले आणि तिथून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. बहुसंख्य कोलकाता व मद्रास बंदरांतून गेले, पण मुंबईतूनही जहाजे सुटली आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतली माणसे होती. मुंबईहून आले म्हणून तिथल्या क्रिओल बोलीत मराठी समाजाला "बोम्बाय" असे नाव पडले. या मजुरांची दप्तरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक मजुराला उतरल्यावर एक क्रमांक मिळे आणि पुढचा सगळा कागदपत्रांचा प्रवास त्या क्रमांकाने होई. रजिस्टरात जहाज, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही मिळतात. खुणांच्या रकान्यात देवीचे वण, गोंदण, कोयत्याच्या जखमेचा व्रण असे काही लिहिलेले असते, आणि ज्या घरात त्या माणसाचे एकही चित्र नाही तिथे ती एक ओळ त्याचे रूप डोळ्यांसमोर उभे करते.

मजुरांच्या जहाजावरची आजारनोंद वाचताना तिच्या मागचा हिशेब विसरता कामा नये. दूरच्या वसाहतींकडे जाणाऱ्या अशा जहाजांवर सर्जनला जिवंत उतरवलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम देण्याची पद्धत होती. हेतू चांगला असला, तरी मृत्यूचे कारण "चढतानाच अशक्त होता" असे लिहिण्याचा मोह त्यातून उत्पन्न होई. दुसरीकडे, जहाजावर पटकी (कॉलरा) असल्याचे कळले की ते बंदरात न घेता बाहेरच्या बेटावर विलग ठेवत. १८५६ मध्ये कोलकात्याहून आलेल्या दोन जहाजांतील मजुरांना मॉरिशसजवळच्या गॅब्रिएल बेटावर अपुऱ्या निवाऱ्यात आणि तुटपुंज्या अन्नपाण्यावर ठेवण्यात आले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली; त्यानंतर भारत सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणे काही काळ थांबवले. म्हणून एखाद्या कागदात "पटकी" ऐवजी नुसते "अतिसार" दिसले, तर जहाज पुढे विलगीकरणात गेले का, हे बंदराच्या कागदांत पडताळून घ्यावे.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या आणि आजारी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी इस्पितळ-जहाजांच्या युद्धदैनंदिन्या आहेत. त्यांत एकेका सैनिकाचे नाव सहसा नसते. किती जखमी, किती आजारी, कोणत्या बंदरातून उचलले आणि मुंबईला कधी उतरवले, एवढे मिळते. याच इस्पितळ-जहाजांपैकी एक, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतलेले "लॉयल्टी", युद्धानंतर सिंधिया या भारतीय जहाज कंपनीने विकत घेतले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. आज आपण त्या दिवशी राष्ट्रीय नौवहन दिन पाळतो. हजला गेलेल्या कोकणी मुसलमान घराण्यांसाठी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावरचे विलगीकरण केंद्र आणि यात्रेकरू जहाजांवरच्या डॉक्टरांचे अहवाल हा वेगळा विषय आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबई बंदरातल्या प्रवाशांची जी तपासणी सुरू झाली तिचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मिळतात.

आता नोंद हातात आली असे समजू. पहिली अडचण नावांची असते. लिहिणारा साहेब कानावर पडले तसे लिही, त्यामुळे विठूचा "इट्टू", येसूचा "एस्सू", लक्ष्मणाचा "लक्सिमन", भिकाजीचा "बिकाजी", इब्राहिमचा "एब्राम" झालेला असतो. आडनाव बहुधा नसतेच. नाव आणि वडिलांचे नाव यांवर काम भागते. गावांची नावे त्याहून अवघड असतात. वेंगुर्ल्याचे "विंगोर्ला", रत्नागिरीचे "रुतनाघेरी", सुवर्णदुर्गाचे "सेव्हर्नड्रूग", जयगडाचे "झायघर" होते. विजयदुर्ग "घेरिया" या नावाखाली लपतो आणि बाणकोट कित्येक कागदांत "फोर्ट व्हिक्टोरिया" म्हणून येतो. मोठ्याने वाचून पाहावे, शक्य असल्यास घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर वाचावे. मी तीन आठवडे ज्या शब्दावर अडलो होतो, तो शब्द माझ्या आत्याने ऐकताच ओळखला, कारण शेजारच्या खाडीपलीकडच्या वाडीला तिच्या लहानपणी तसेच म्हणत. वयाच्या बाबतीत मात्र २५, ३०, ३५, ४० असे आकडे दिसले, तर ते अंदाजे धरावेत आणि पाच वर्षांचा फरक गृहीत धरून शोध चालू ठेवावा.

दुसरी अडचण आजारांच्या नावांची. सर्जनच्या वह्यांत लॅटिन शब्द असतात: "फेब्रिस" म्हणजे ताप, "थायसिस" म्हणजे क्षय, "व्हॅरिओला" म्हणजे देवी, "अल्कस" म्हणजे न भरणारी जखम, "कॉन्टुसिओ" म्हणजे मुका मार. नावापुढे "डी. डी." असे दिसले, तर माणूस मृत्यूमुळे पटावरून कमी केला असा त्याचा अर्थ. पण शब्दार्थ कळला तरी काम संपत नाही, कारण तेव्हाचे आजाराचे नाव आणि आजचे आजाराचे नाव एकमेकांवर चपखल बसत नाही. डासांमुळे हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये दाखवले. त्याआधीचा सर्जन तोच ताप "दूषित हवेचा" म्हणून नोंदवतो आणि तो कसा थांबून थांबून येतो याचे वर्णन करतो. आपण नावाकडे दुर्लक्ष करून वर्णन वाचावे.

बेरीबेरीचे उदाहरण तर कोकणी वाचकाला जवळचे आहे. लांबच्या सफरीत देशी खलाशांचे पाय सुजत, बधिर होत, धाप लागे आणि काही दिवसांत माणूस जाई. कागदावर कधी "ड्रॉप्सी" म्हणजे सूज, कधी स्कर्व्ही, कधी नुसते "अशक्तपणा" असे लिहिले जाई. हा रोग ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर दिवस काढणाऱ्यांना तो गाठतो. भात उकडून मग कांडला, तर कोंड्यातले हे जीवनसत्त्व दाण्यात मुरते, म्हणून उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या माणसाला घरी असताना त्याची बाधा होत नसे. घरच्या पेजेवर वाढलेला गडी बोटीवरच्या पांढऱ्या भातावर काही महिने राहिला की आजारी पडे. नोंदीत सुजलेले पाय दिसले की मी प्रथम जहाजाचा शिधा आणि बंदर सोडून किती दिवस झाले ते पाहतो.

कधीकधी तर आजार माणसाच्या गावाकडचेच काहीतरी सांगून जातो. "गिनी वर्म" अशी नोंद असेल तर तो आपला नारू. त्याची अळी पिण्याच्या पाण्यातून पोटात जाते आणि धागा कातडीतून बाहेर यायला सुमारे वर्ष लागते. म्हणजे जहाजावर चढून दोन-तीन महिने झालेल्या माणसाला नारू निघाला असेल, तर त्याआधीच्या वर्षी तो पायऱ्यांच्या विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी पीत होता, असा अर्थ काढता येतो. घरच्या कागदांत तो त्या काळात कुठे होता हे लिहिलेले नसते. सर्जनच्या वहीत ते नकळत उतरते.

वहीत जे नको ते वाचायची तयारीही ठेवावी लागते. गुप्तरोग, दारू, वेड लागल्याची नोंद, "कामचुकार आहे, आजाराचे सोंग करतो" असा शेरा, हे सगळे तिथे असते. शेवटच्या प्रकारच्या शेऱ्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. देशी खलाशाला राहायला गोऱ्या खलाशापेक्षा कमी जागा आणि हातात कमी पगार देणे कायद्याला व कराराला मान्य असलेल्या काळात, त्याची भाषा न येणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या दुखण्याचा केलेला निवाडा आहे तो. अशी एक वही मी वाचली आहे जिच्यात एका माणसाला चार दिवस "सोंग" लिहिले आणि पाचव्या दिवशी त्याच्या मृत्यूची नोंद केली. त्याचप्रमाणे, जुन्या नोंदीतल्या आजारावरून घराण्यात अमुक रोग "चालत आला आहे" असा निष्कर्ष काढू नये. निदानाचा पायाच कच्चा असताना त्यावर आजच्या नातवंडांच्या तब्येतीचा हिशेब मांडणे अन्यायाचे आहे.

शोधाची सुरुवात मात्र घरातूनच करावी लागते. सीडीसी (खलाशाची सफरींच्या नोंदींची पुस्तिका) किंवा तिच्याआधीची डिस्चार्जची, म्हणजे सफर संपल्याची, कागदे, मनीऑर्डरच्या पावत्या, मुंबईच्या गावकऱ्यांच्या खोलीचा पत्ता, पेटीवर रंगवलेले जहाजाचे नाव, यांतून सफर ठरते. गावातली तारीख पक्की करण्यासाठी तहसील कार्यालयातून गाव नमुना १४ ची, म्हणजे गावातले जन्म-मृत्यू नोंदवणाऱ्या कोतवाल बुकाची, नक्कल मागवावी. समुद्रावर मेलेल्याची नोंद तिथे नसली, तरी त्याच्या मुलांच्या जन्माच्या तारखांवरून तो सुट्टीवर घरी कधी होता हे कळते. वारसाचा फेरफार त्याहून उपयोगी पडतो. मृत्यूची बातमी येऊन दाखला मिळेपर्यंत वर्षे जात, म्हणून फेरफाराच्या तारखेपासून मागे पाच-सात वर्षांचा पट्टा धरून समुद्रावरील मृत्यूंचे रजिस्टर तपासावे. युद्धात गेलेल्यांसाठी मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तिथे आहेत आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत ती विनामूल्य शोधता येतात. त्या यादीत जहाजाचे नाव आणि तारीख मिळाली की पुढचा रस्ता मोकळा होतो.

आमचा रस्ता तसाच मोकळा झाला. वर्ष युद्धकाळातले असल्यामुळे लॉग शिल्लक होता. मागवलेल्या प्रतीत कप्तानाच्या हातची अकरा ओळींची नोंद होती: दुपारी डेकवर काम करताना चक्कर, अंग तापलेले, घाम बंद, सावलीत आणून डोक्यावर पाणी, शुद्ध हरपली, रात्री पावणेबाराला मृत्यू, कारण "हीट अपोप्लेक्सी". म्हणजे आजीने सांगितलेले "ऊन लागून गेले" हे शब्दशः खरे होते. खाली मृताच्या सामानाची यादी होती, कारण ती करणे आणि पगाराचा हिशेब लिहिणे कप्तानावर बंधनकारक असे: एक पत्र्याची पेटी, एक रग, तीन सदरे, एक कोट, एक पितळी तांब्या, एक पुस्तिका. यादीच्या शेवटी सारंगाचा अंगठा होता. ज्या पेटीतून शोध सुरू झाला तीच ही पेटी, हे मला कागद दुसऱ्यांदा वाचताना उमगले.

नोंदीत अक्षांश-रेखांशही होते, एकोणीस अंश उत्तर आणि एकोणचाळीस अंश पूर्व, आणि त्यांचा उपयोग आमच्या घराला अनपेक्षित ठिकाणी झाला. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचे श्राद्ध इतकी वर्षे सर्वपित्री अमावास्येला होत आले. तारीख मिळाल्यावर जुने पंचांग काढायचे ठरले, पण जहाजावरची वेळ जहाज जिथे असेल तिथल्या सूर्याप्रमाणे लावलेली असते आणि पंचांग मुंबईचे असते. मुंबई सुमारे त्र्याहत्तर अंश पूर्वेला आहे. चौतीस अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे सव्वादोन तास. जहाजावर रात्रीचे पावणेबारा वाजले तेव्हा मुंबईत मध्यरात्र उलटून दोन वाजले होते, आणि त्या रात्री मुंबईच्या पंचांगात दीड वाजता तिथी बदलली होती. गुरुजींनी दोन्ही वेळा कागदावर मांडून घेतल्या, मुंबईची वेळ धरली आणि नवमी लिहून दिली.